पॉइंटवाली बुलेट सुरू होत नाही? आधी अँमीटरचा काटा बघा

कास्ट आयर्न इंजिनाची, पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) आणि कंडेन्सरवर चालणारी बुलेट ३५० रुसली की बहुतेक ठिकाणी ठरलेला क्रम सुरू होतो. नवा प्लग, मग नवा कंडेन्सर, मग नवी कॉइल. खिसा हलका होतो आणि गाडी तिथेच उभी राहते. पार्ट बदलत सुटल्याने बिघाड सापडत नाही. नवा कंडेन्सर जुन्याहून वाईट निघाला तर एकाचे दोन बिघाड होतात आणि मग कशामुळे काय झालं हेच कळेनासं होतं.

या गाडीच्या पुढच्या डोममध्ये (हेडलाइटच्या कवचात), स्पीडोमीटरशेजारी, तपासाचं एक साधन कारखान्यातूनच बसवून आलेलं असतं: अँमीटर, म्हणजे बॅटरीत येणारा-जाणारा करंट दाखवणारा मीटर. त्याचा काटा वाचायला आला आणि जोडीला एक साधा टेस्ट लॅम्प असला, तर करंट कुठपर्यंत येतो आणि कुठे अडतो हे दहा-पंधरा मिनिटांत समजतं. पुढची सगळी पद्धत त्याच एका प्रश्नाभोवती आहे. मद्रासमध्ये १९५५ साली सुरू झालेल्या एन्फिल्ड इंडियाच्या जुन्या ६ व्होल्टच्या गाड्या आणि नंतरच्या १२ व्होल्टच्या गाड्या, दोन्हींना ती लागू आहे. फरक असेल तिथे तसं लिहिलं आहे. कारखान्यातून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घेऊन आलेल्या शेवटच्या काही वर्षांच्या गाड्यांसाठी मात्र पॉइंट आणि कंडेन्सरचा भाग सोडून द्या.

हाताशी काय ठेवायचं

डिजिटल मल्टिमीटर, साधा चालेल. टेस्ट लॅम्प: गाडीच्याच व्होल्टचा ३ ते ५ वॅटचा बल्ब, होल्डर, एका वायरला क्रोकोडाइल क्लिप आणि दुसरीला टोकदार पिन. फिलर गेज, त्यात ०.३५ आणि ०.४० मिमीची पाती हवीत. ४०० नंबरचा किंवा त्याहून बारीक पॉलिश पेपर. दोन्ही टोकांना क्लिप असलेली मीटर-दीड मीटरची वायर, तिच्यात १० अँपिअरचा फ्यूज. चालू असल्याची खात्री असलेला एक प्लग आणि एक कंडेन्सर. पिशवीत एवढं पुरतं.

वायरच्या रंगांवर विसंबू नका. तीस-चाळीस वर्षांत या गाड्यांना अनेक हात लागलेले असतात आणि ज्याच्याकडे ज्या रंगाची वायर होती ती त्याने जोडलेली असते. लाल म्हणजे करंट हे गृहीत धरण्यापेक्षा लॅम्प लावून बघा.

करंट की पेट्रोल?

पाच-सहा किका मारून प्लग काढा. टोक पेट्रोलने ओलं असेल तर पेट्रोल पोचतंय, तपास इग्निशनचा करायचा. टोक कोरडं ठणठणीत असेल तर आधी टाकीचा कॉक आणि कार्बोरेटर बघा. प्लग काळ्या काजळीने माखलेला असेल तर साफ केलेला किंवा दुसरा प्लग लावूनच पुढे जा, कारण काजळीतून करंट अर्थ होतो (इंजिनच्या धातूत निसटतो) आणि पुढची सगळी परीक्षा खोटी ठरते.

बॅटरी आणि अर्थ

पॉइंटची ही बुलेट बॅटरीच्या करंटवर स्पार्क देते. बॅटरी पडली तर बाकी सगळं ठणठणीत असूनही गाडी सुरू होणार नाही. १२ व्होल्टची पूर्ण चार्ज बॅटरी गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. ६ व्होल्टच्या बॅटरीत हेच आकडे ६.३ आणि ६.१ असे येतात. नुसता आकडा पुरेसा नाही. चावी चालू करून ब्रेक दाबा आणि लोडखाली मोजा. ब्रेकच्या एका दिव्याने १२.५ चे १०.५ होत असतील तर बॅटरी आतून गेलेली आहे किंवा टर्मिनल कुजलेलं आहे. कोणतं ते कळण्यासाठी मीटरची पिन एकदा क्लॅम्पवर आणि एकदा थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवा. दोन आकडे वेगळे आले तर दोष क्लॅम्पचा.

बॅटरी बदलताना एक खबरदारी घ्या. जुन्या ६ व्होल्टच्या काही गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक अर्थला असतं. आजच्या सवयीने मायनस अर्थ करून बॅटरी उलटी लावली की रेक्टिफायर (अल्टरनेटरचा एसी करंट डीसी करणारा पार्ट) क्षणात जातो. जुनी वायर कुठल्या खुंटावर होती ते सोडवण्याआधी लिहून ठेवा.

अर्थचं दुखणं नव्याने रंगवलेल्या गाड्यांना हमखास होतं. चेसिसला पावडर कोटिंग होतं, इंजिनचे बोल्ट पॉलिश होतात, आणि अर्थची वायर मात्र त्या जाड रंगावरच आवळली जाते. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक पिन बॅटरीच्या अर्थच्या खुंटावर आणि दुसरी सिलिंडर हेडच्या उघड्या धातूवर. चावी चालू, पॉइंट बंद (म्हणजे एकमेकांना टेकलेले), ब्रेक दाबलेला. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ कच्चा. यावर पक्का इलाज म्हणजे बॅटरीच्या अर्थच्या खुंटापासून थेट इंजिनच्या बोल्टपर्यंत २.५ चौरस मिमीची वेगळी वायर. बोल्टखालचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा, वायर आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा.

काटा काय सांगतो

प्लग काढून ठेवा म्हणजे इंजिन सहज फिरेल. प्लगचं भोक स्वच्छ कापडाने झाका. चावी चालू करा, दिवे बंद ठेवा. आता किक हाताने अगदी हळू दाबत इंजिन फिरवा आणि काट्याकडे बघा.

पॉइंट बंद असतात तेव्हा बॅटरीचा करंट कॉइलमधून पॉइंटमार्गे अर्थला जातो आणि काटा वजाकडे ३-४ अँपिअरवर झुकतो. पॉइंट उघडले की हा रस्ता तुटतो आणि काटा मध्यावर परततो. किक दाबताना काटा असा झुकत आणि परतत असेल तर फ्यूज, चावी, कॉइलची प्रायमरी (बॅटरीचा करंट वाहणारं वेटोळं), पॉइंट आणि त्यांच्यामधल्या सगळ्या वायरी करंट वाहून नेतायत. तरीही स्पार्क नसेल तर दोष कंडेन्सर, कॉइलची सेकंडरी (स्पार्कचे व्होल्ट उभे करणारं वेटोळं), हाय टेन्शन वायर, कॅप किंवा प्लग यांच्यापैकीच कुठेतरी आहे. नुसत्या नजरेने अर्धं वायरिंग वगळून झालं.

काटा मध्यावरून हलतच नाही. ब्रेक दाबून बघा. ब्रेकलाइट लागला आणि काटा हलला, तर करंट चावीपर्यंत येतोय पण इग्निशनच्या फांदीत तुटलाय: कॉइलची वायर, हँडलवर किल स्विच असेल तर तो, किंवा पॉइंटवर चढलेला गंज. ब्रेकलाइटही लागला नाही तर फ्यूज, बॅटरी किंवा चावी. दिवा लागला पण काटा हललाच नाही, तर अँमीटर स्वतःच अडकलाय किंवा कुणीतरी तो बायपास केलाय. मग टेस्ट लॅम्पवरच काम करा.

काटा वजाकडे झुकून तिथेच राहतो, किक कितीही दाबा. म्हणजे पॉइंट उघडले तरी करंटला अर्थ मिळतोच आहे. कंडेन्सर आतून शॉर्ट असेल, पॉइंटची वायर डब्याच्या काठाला घासून उघडी पडली असेल, किंवा पॉइंटच्या खांबावरच्या फायबर वॉशरांचा क्रम चुकला असेल. पॉइंट नुकतेच बदललेले असतील तर हे तिसरं कारण सगळ्यात आधी तपासा. पॉइंटची स्प्रिंग, कॉइलकडून येणारी वायर आणि कंडेन्सरची वायर या तिन्ही एकमेकींना टेकलेल्या हव्यात आणि तिन्ही मिळून प्लेटपासून पूर्ण अलग हव्यात. एक वॉशर इकडचा तिकडे झाला की स्पार्क संपला.

चावी चालू करताच काटा वजाच्या टोकाला आपटतो किंवा फ्यूज उडतो: वायरिंगमध्ये थेट शॉर्ट. चावी लगेच बंद करा. हा तपास पुढे वेगळा दिला आहे.

तपास करताना चावी उगाच चालू ठेवू नका. एक सिलिंडरचं इंजिन थांबताना कॉम्प्रेशनच्या अलीकडे टेकतं आणि तेव्हा पॉइंट बहुतेक बंदच असतात. कॉइलमधून सतत ४ अँपिअर वाहत राहिले तर ती तापून जळते.

कॉइलजवळ टेस्ट लॅम्प

काट्याने दिशा दिली, आता नेमकी जागा. लॅम्पची क्लिप इंजिनच्या उघड्या धातूला लावा, चावी चालू करा.

कॉइलच्या बॅटरीकडच्या टर्मिनलला पिन लावा. लॅम्प लागला पाहिजे. लागला नाही तर करंट कॉइलपर्यंत आलेलाच नाही. खात्री करायची असेल तर फ्यूजवाली जंपर वायर बॅटरीच्या करंटच्या (अर्थ नसलेल्या) खुंटावरून थेट या टर्मिनलला द्या आणि किक मारा. गाडी सुरू झाली तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर सगळे निर्दोष. दोष बॅटरी आणि कॉइलच्या मधल्या वायरिंगमध्ये आहे आणि तो दहापैकी नऊदा चावीच्या स्विचमध्ये किंवा डोममधल्या जोडांत सापडतो. अशी सुरू केलेली गाडी चावीने बंद होत नाही, जंपर काढावी लागते. रस्त्यात अडकलात तर घरी पोचायलाही हाच उपाय आहे.

आता कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला पिन लावा. पॉइंटच्या मध्ये पोस्टकार्डासारखा जाड, कोरडा कागद घालून ते उघडे ठेवा. लॅम्प लागायला हवा, थोडा मंद चालेल. कागद काढून पॉइंट बंद केले की तो विझायला हवा. पॉइंट बंद असूनही लॅम्प विझत नसेल तर पॉइंट टेकूनही करंट सोडत नाहीत, किंवा कॉइल ते पॉइंट ही वायर तुटलेली आहे, किंवा पॉइंटच्या प्लेटला अर्थ नाही. पॉइंट उघडे असूनही लॅम्प लागत नसेल तर त्या टर्मिनलवरची वायर सोडवा आणि पुन्हा पिन लावा. आता लागला तर शॉर्ट पॉइंटच्या वायरीत किंवा कंडेन्सरमध्ये. तरीही लागला नाही तर कॉइलची प्रायमरी तुटली.

कॉइल मीटरवर मोजायची असेल तर दोन्ही वायरी सोडवून मोजा. १२ व्होल्टच्या कॉइलची प्रायमरी साधारण ३ ते ४ ओहम असते, ६ व्होल्टची दीड ते दोन. सेकंडरी काही हजार ओहम दाखवते. ती काहीच दाखवत नसेल तर आत तुटलेली आहे. १२ व्होल्टच्या गाडीवर चुकून ६ व्होल्टची कॉइल बसलेली असेल तर दुप्पट करंट वाहतो आणि पॉइंट काही दिवसांत करपतात. म्हणून पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर कॉइलचे ओहम मोजल्याशिवाय पॉइंटवर पैसे घालू नका.

थंड असताना चालणारी आणि तापल्यावर बंद पडणारी गाडी कॉइल किंवा कंडेन्सरकडे बोट दाखवते. थंड कॉइलचं माप बरोबर येऊ शकतं. हेअर ड्रायरने ती चांगली गरम करून पुन्हा मोजा. आतली तुटलेली तार तापल्यावरच सुटते.

पॉइंट आणि कंडेन्सर

इंजिनच्या उजव्या बाजूला, टायमिंग कव्हरवरच्या गोल झाकणाखाली पॉइंट असतात. झाकण काढल्यावर आधी तेल दिसतंय का ते बघा. शाफ्टवरचं सील गेलं की इंजिन ऑइल या डब्यात येतं, पॉइंटवर त्याचा थर बसतो आणि स्पार्कमुळे त्या थराची काळी राख होते. सील न बदलता पॉइंट पुसत राहिलात तर दर काही दिवसांनी हेच काम निघेल.

पॉइंटची तोंडं राखाडी आणि सपाट हवीत. पॉलिश पेपर मधून ओढून साफ करा, नंतर पेट्रोलमध्ये भिजवलेला कोरा कागद ओढा आणि शेवटी कोरडा. पॉलिश पेपरचा एक कण राहिला तरी पॉइंट नीट टेकत नाहीत. नव्या पॉइंटवर गंज लागू नये म्हणून तेलकट थर दिलेला असतो. तो पुसल्याशिवाय बसवले तर नवेकोरे पॉइंट असून गाडी ढिम्म. हा बिघाड लोकांना फार हैराण करतो, कारण नव्या पार्टवर कुणाचा संशयच जात नाही.

कॅमचा उंच भाग पॉइंटच्या टाचेखाली येईपर्यंत इंजिन फिरवा, म्हणजे पॉइंट पूर्ण उघडतील. गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. पातं थोडं अडखळत जायला हवं. शाफ्ट बोटाने वरखाली हलवून पुन्हा मोजा. गॅप हलता असेल तर बुश झिजलंय, आणि मग गॅप कितीही अचूक ठेवला तरी टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) भरकटत राहणार. कॅमवर तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस लावा. नाही लावलं तर फायबरची टाच झिजते, गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग आपोआप मागे पडतं. महिन्या-दोन महिन्यांत गाडी सुस्त झाली असेल तर कारण बहुधा हेच.

कंडेन्सरचं काम असं: पॉइंट उघडताना करंट त्या फटीतून उडी मारायला बघतो. कंडेन्सर तो झटका स्वतःत घेतो, त्यामुळे कॉइलमधला करंट एकदम तुटतो आणि सेकंडरीत हजारो व्होल्ट उभे राहतात. कंडेन्सर निकामी झाला की तीच ठिणगी प्लगऐवजी पॉइंटमध्ये पडते. अंधारात झाकण उघडं ठेवून किक मारा. पॉइंटमध्ये बारीक निळसर टिकली दिसणं ठीक. जाड, पिवळसर, चटचट ठिणगी म्हणजे कंडेन्सर गेला. एका पॉइंटवर खड्डा आणि समोरच्यावर उंचवटा हीसुद्धा त्याचीच खूण.

दुसरा कंडेन्सर लावून बघणं ही खरी परीक्षा. जुन्याची वायर सोडवा. साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा कोणताही पॉइंट इग्निशनचा कंडेन्सर घ्या, त्याची वायर कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला आणि धातूचं कवच अर्थला जोडा. विजेच्या दृष्टीने पॉइंटचा खांब आणि हे टर्मिनल एकच आहेत, त्यामुळे डबा उघडायची गरज नाही. गाडी सुधारली तर तो तिथेच कायमचा बसवा. इंजिनच्या उष्णतेपासून लांब राहिलेला कंडेन्सर जास्त टिकतो.

टायमिंग

आधी गॅप, मग टायमिंग. गॅप बदलला की टायमिंग बदलतंच, म्हणून उलट क्रमाने केलेलं काम वाया जातं.

ॲडव्हान्स (वेग वाढला की स्पार्क आधी पाडणारी यंत्रणा) पूर्ण मागे असताना पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या ०.८ मिमी अलीकडे पॉइंट उघडू लागले पाहिजेत. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, प्लग काढा, वरच्या गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक हाताने पुढे फिरवा. कॉम्प्रेशनचा स्ट्रोक ओळखायला टॅपेटचं झाकण काढा. पिस्टन वर असताना दोन्ही पुशरॉड बोटाने मोकळे फिरले तर तो कॉम्प्रेशनचा. प्लगच्या भोकातून पिस्टनवर सळई टेकवून वरचं टोक शोधा आणि सळईवर ०.८ मिमीची खूण करा. मग चाक बरंच मागे घ्या आणि पुन्हा पुढे फिरवत ०.८ मिमीच्या खुणेवर या. नेहमी पुढच्याच दिशेने खुणेवर यायचं, नाहीतर टायमिंग गिअरांची ढिलाई मापात येते. प्लगचं भोक तिरकं असल्याने सळई तिरकी टेकते आणि माप फसवतं. सळई शक्य तितकी उभी धरा.

पॉइंट नेमके कधी उघडतात ते चावी चालू ठेवून अँमीटर सांगतो: काटा वजावरून मध्यावर परततो तो क्षण. काटा आळशी असेल तर कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला टेस्ट लॅम्प लावा. तो लागतो तो क्षण. खूण येण्याआधीच लागला तर टायमिंग पुढे आहे. बेसप्लेट सैल करून कॅमच्या फिरण्याच्या दिशेने किंचित सरकवा. उशिरा लागला तर उलट दिशेने. केसभर सरकवण्यानेही फरक पडतो.

ऑटो ॲडव्हान्सही लगेच बघून घ्या. कॅम बोटांनी फिरण्याच्या दिशेने पिळा आणि सोडा. तो स्प्रिंगने झटकन परत यायला हवा. पुढे अडकून राहिला तर किक पायावर उलटी बसते आणि घोटा दुखावतो. मागेच अडकला तर गाडी ओढत नाही आणि इंजिन तापतं. साफ करून पातळ तेलाचा थेंब पुरतो, स्प्रिंग सैल पडली असेल तर ती बदला.

शेवटची पारख रस्त्यावर. चढावर ॲक्सिलेटर दिल्यावर इंजिनमधून टणटण आवाज आला तर टायमिंग किंचित मागे घ्या.

हाय टेन्शन वायर, कॅप, प्लग

प्लगचा गॅप ०.५ मिमी. प्लग कॅपला लावून त्याचा धातू सिलिंडरच्या पंखाला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब. भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ती पेट घेऊ शकते. निळी, कडक आवाजाची ठिणगी हवी. पिवळी, बारीक आणि मुकी ठिणगी दाबाखाली विझते. कॅप काढून नुसत्या वायरने चांगली ठिणगी मिळत असेल तर कॅप टाका. वायरचं टोक ५-६ मिमी कापून ताज्या तांब्यावर कॅप फिरवून बसवा. फिरवून बसवायच्या कॅपला तांब्याच्या तारेचीच वायर लागते. कार्बनच्या वायरमध्ये स्क्रू धरत नाही आणि गाडी मिसिंग करत राहते.

करंट पोचतो, पण अशक्त

सगळं चालू असूनही गाडी सकाळी दहा किका घेते, हॉर्न वाजवला की मिसिंग करते. असं असेल तर वाटेत व्होल्ट गळतायत. चावी चालू, पॉइंट बंद ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या करंटच्या खुंटावर आणि दुसरी कॉइलच्या बॅटरीकडच्या टर्मिनलवर लावा. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. एक-दीड व्होल्ट दिसलं तर वाटेतल्या प्रत्येक जोडावर तसंच मोजत जा: फ्यूजच्या दोन टोकांवर, अँमीटरच्या दोन नटांवर, चावीच्या दोन टर्मिनलांवर. ज्या जोडावर आकडा दिसेल तो गुन्हेगार. ६ व्होल्टच्या गाडीत एक व्होल्ट गळणं म्हणजे व्होल्टचा सहावा हिस्सा गेला. ‘सहा व्होल्टची गाडी अशीच असते’ असं म्हटलं जातं, पण ते खरं नाही. जोड साफ केले की तीच गाडी पहिल्या-दुसऱ्या किकेत सुरू होते.

चालता चालता मध्येच बंद पडून आपोआप सुरू होणाऱ्या गाडीचं इंजिन मंद चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा. बंद पडली तर डोमपाशी, जिथे वायरी सतत वाकतात, तिथे आवरणाच्या आत तार तुटलेली आहे. वरून वायर अखंडच दिसते. ओढून बघा, तुटलेल्या जागी ती रबरासारखी ताणते.

जोडताना नुसता पीळ मारून टेप गुंडाळू नका. या इंजिनच्या थरथराटाने तो सुटतो. डाग दिलेली (सोल्डर केलेली) वायरही डाग संपतो तिथे मोडते. चांगला क्रिंप, वर हीट श्रिंकची नळी, आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर चेसिसला बांधलेली.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो

फ्यूजच्या जागी तार गुंडाळणं म्हणजे गाडी जाळण्याची तयारी. त्याऐवजी फ्यूज काढून त्याच्या दोन टोकांत हेडलाइटचा किंवा ब्रेकलाइटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेपर्यंत बल्ब पूर्ण उजेड देतो, करंट मात्र मर्यादेत राहतो. आता एकेक जोड सोडवत जा किंवा वायरिंग हाताने हलवत जा. बल्ब मंदावला किंवा विझला की जागा सापडली. टाकीखालची कड, हँडलचा सांधा, सीटखालच्या पत्र्याच्या क्लिपा आणि मागच्या मडगार्डच्या आतून टेललाइटकडे जाणारी वायर, जिथे टायर घासतं, या चार जागा आधी बघा. ब्रेक दाबल्यावरच फ्यूज उडत असेल तर बाकी कुठे न बघता ब्रेक स्विच ते टेललाइट एवढंच तपासा. जुन्या गाडीत फ्यूजच नसेल तर बॅटरीपाशी १५ अँपिअरचा घाला.

चार्जिंग

इंजिन चांगल्या रेसवर असताना १२ व्होल्टच्या बॅटरीवर १३.८ ते १४.५ मिळायला हवेत, ६ व्होल्टच्या बॅटरीवर साधारण ७. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय. बॅटरीचं पाणी आटतं, बल्ब उडतात. चार्जिंग अजिबात नसेल तर डाव्या प्रायमरी केसमधून येणाऱ्या अल्टरनेटरच्या वायरी सोडवून त्यांच्यात एसी व्होल्ट मोजा. रेससोबत आकडा चढत गेला तर अल्टरनेटर ठीक, रेक्टिफायर बघा. चढला नाही तर केस उघडा. वायर प्रायमरी चेनला घासून कापलेली असते, किंवा स्टेटर सैल होऊन मॅग्नेटला घासतो. दोघांमध्ये सगळीकडे किमान ०.२ मिमी फट हवी. काही गाड्यांत हेडलाइट थेट अल्टरनेटरच्या एसीवर असतो, म्हणून इंजिन बंद असताना तो लागला नाही तर तो बिघाड समजू नका.

पावसाळा आणि कोकण

खाऱ्या हवेत आणि पावसात तांब्याला हिरवट गंज चढतो आणि तो आवरणाच्या आत वायरभर सरकत जातो. टोक साफ करून भागत नाही. चकाकतं तांबं लागेपर्यंत वायर मागे कापा, मग नवं टर्मिनल लावा. जूनआधी प्लग कॅपच्या रबरात सिलिकॉन ग्रीस, सगळ्या टर्मिनलांवर पेट्रोलियम जेली, आणि पॉइंटच्या झाकणाचं गॅस्केट नवं. भर पावसात गाडी बंद पडली तर आधी कॅप काढून आतून पुसा, मग पॉइंटचं झाकण उघडून कोरडं करा. धुताना डोमच्या मागून पाण्याचा झोत मारू नका. चावीचा स्विच आणि अँमीटरचे नट तिथेच असतात, आणि आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट नसते.